वेदनेची वाट अडवणारे इंजेक्शन : ‘नर्व्ह ब्लॉक’ उपचाराची ओळख

खालच्या जबड्यातील दाढ काढण्यापूर्वी दंतवैद्य तोंडात मागील बाजूस एक इंजेक्शन देतात. काही मिनिटांत ओठाचा अर्धा भाग, हनुवटी आणि त्या बाजूचे दात बधिर होतात. औषध दाढेच्या मुळाशी सोडलेले नसते. जबड्याच्या हाडात शिरणाऱ्या चेतेजवळ, म्हणजे बोलीभाषेत ज्याला आपण नस म्हणतो तिच्याजवळ, ते सोडलेले असते. त्या एका चेतेवर अवलंबून असलेला सर्व प्रदेश काही काळ संवेदनाहीन होतो. आपल्यापैकी अनेकांनी अनुभवलेला हा उपचार म्हणजेच ‘नर्व्ह ब्लॉक’ होय.

याच तत्त्वावर हात, पाय, छाती, पोट, मान आणि डोके यांतील वेदना थांबविता येतात. शस्त्रक्रिया, अस्थिभंग, कर्करोग, तसेच महिनोन्‌महिने छळणारी काही दुखणी यांसाठी आज हा उपचार वापरला जातो. तथापि दोन प्रकारच्या वेदनांमध्ये त्याची भूमिका भिन्न असते. नुकत्याच उद्भवलेल्या तीव्र वेदनेत ब्लॉक हाच प्रत्यक्ष दिलासा असतो, कारण ती वेदना काही दिवसांत मुळातच ओसरणार असते. दीर्घकालीन वेदनेत मात्र तो बहुधा निदानाचे साधन किंवा पुढील उपचारांसाठी मिळालेली सवड असते. हा फरक लक्षात न घेतल्यास दोन प्रकारे नुकसान होते. ज्यांना त्याचा निश्चित लाभ झाला असता असे रुग्ण विनाकारण वेदना सोसत राहतात आणि ज्यांना लाभ होण्याची शक्यता थोडी असते असे रुग्ण एकामागून एक इंजेक्शने घेत राहतात.

वेदनेचा संदेश कसा थांबतो?

त्वचा, स्नायू, हाडे किंवा आतील अवयव यांना इजा झाली की तेथील चेतातंतूंच्या टोकांशी विद्युत्‌संदेश निर्माण होतो. हा संदेश चेतांमार्फत मेरुरज्जूकडे आणि तेथून मेंदूकडे जातो. मेंदूपर्यंत पोहोचल्यावरच आपल्याला ‘दुखते’ अशी जाणीव होते. चेतातंतूच्या आवरणात सोडियमचे कण आत घेणारी सूक्ष्म द्वारे असतात. ती क्रमाक्रमाने उघडत गेल्यामुळे संदेश पुढे सरकतो. लिडोकेन, बुपिव्हाकेन, रोपिव्हाकेन यांसारखी स्थानिक बधिरीकरणाची औषधे ही द्वारे काही काळ बंद ठेवतात. त्यामुळे इजा कायम असली तरी तिचा निरोप मेंदूपर्यंत जात नाही.

वेदना आणि तापमान यांचे संदेश नेणारे तंतू बारीक असतात, तर स्नायूंना हालचालीची आज्ञा देणारे तंतू जाड असतात. सामान्यत: बारीक तंतूंवर औषधाचा परिणाम लवकर आणि कमी मात्रेत होतो. म्हणूनच औषध सौम्य करून दिल्यास वेदना शमते, परंतु अवयवाची हालचाल काही अंशी टिकून राहते. लिडोकेनचा परिणाम साधारणपणे एक ते तीन तास टिकतो. बुपिव्हाकेनचा परिणाम अनेक तास, काही वेळा बारा तासांहून अधिक काळ राहतो. त्याहून अधिक काळ आराम हवा असल्यास चेतेजवळ एक बारीक नळी ठेवून दोन-तीन दिवस औषध थेंबाथेंबाने सोडले जाते.

या पद्धतीला ‘प्रादेशिक बधिरीकरण’ असे म्हटले जाते. पूर्ण भूल दिल्यावर रुग्णाची शुद्ध हरपते. प्रादेशिक बधिरीकरणात रुग्ण जागा राहू शकतो व शरीराचा ठरावीक भागच बधिर होतो. प्रसूतीच्या किंवा पायाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी पाठीच्या कण्यात दिले जाणारे इंजेक्शनही याच कुळातील आहे. मात्र कण्यापासून दूर, एखाद्या विशिष्ट चेतेजवळ किंवा चेतांच्या जाळ्याजवळ औषध दिले जाते तेव्हा त्यास सामान्यत: नर्व्ह ब्लॉक म्हणतात.

कोकेनपासून सोनोग्राफीपर्यंत

या उपचाराचा प्रारंभ १८८४ मध्ये झाला. व्हिएन्ना येथील तरुण डॉक्टर कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो हे दाखवून दिले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हायडलबर्ग येथील नेत्रतज्ज्ञांच्या परिषदेत त्याचे प्रात्यक्षिक सादर झाले. हे वृत्त अटलांटिकपलीकडे पोहोचताच न्यूयॉर्कमधील शल्यचिकित्सक विल्यम हॉल्स्टेड आणि रिचर्ड हॉल यांनी कोकेन थेट चेतांजवळ टोचण्याचे प्रयोग सुरू केले. जबड्याच्या चेतेचा ब्लॉक हा त्यांतीलच एक होय. या प्रयोगांची मोठी किंमतही मोजावी लागली. स्वत:वर कोकेनचा वापर करता करता हॉल्स्टेड यांना त्याचे व्यसन जडले.

१८९८ मध्ये जर्मनीतील ऑगस्ट बिअर यांनी पाठीच्या कण्यातून बधिरीकरण करण्याची पद्धत वापरात आणली. १९०५ मध्ये कोकेनऐवजी प्रोकेन हे अधिक सुरक्षित औषध उपलब्ध झाले. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये नील्स लोफग्रेन यांनी लिडोकेन तयार केले. ते आजही जगभर वापरले जाते. १९५७ मध्ये, स्वीडनमध्येच, बुपिव्हाकेन तयार झाले आणि ब्लॉकचा परिणाम दीर्घकाळ टिकविणे शक्य झाले.

औषधे सुधारली तरी एक अडचण कायम होती. चेता डोळ्यांना दिसत नाही. भूलतज्ज्ञ शरीरावरील खुणा पाहून, रक्तवाहिनीची धडधड चाचपून आणि रुग्णाला मुंग्या कोठे येतात हे विचारून सुईची दिशा ठरवीत. पुढे सौम्य विद्युत्‌प्रवाह देऊन स्नायू आकुंचन पावतो का हे पाहणारे उपकरण आले. १९९४ मध्ये व्हिएन्नाच्याच भूलतज्ज्ञांनी गळपट्टीच्या हाडाच्या वरील भागात सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहून ब्लॉक दिल्याचे प्रसिद्ध केले. तेव्हापासून चित्र पालटत गेले. आता चेता, शेजारची रक्तवाहिनी, फुप्फुसाचे आवरण, सुईचे टोक आणि पसरणारे औषध हे सर्व पडद्यावर दिसू शकते. परिणामी कमी औषध पुरते आणि रक्तवाहिनीला सुई लागण्याचे प्रमाण घटते.

सोनोग्राफीमुळे आणखी एक दालन खुले झाले. प्रत्यक्ष चेता न शोधता, जिच्यातून चेता जातात अशा स्नायूंच्या दोन थरांमधील फटीत औषध पसरविता येऊ लागले. पोटाच्या भिंतीतील असा ब्लॉक २००१ मध्ये वर्णिला गेला. पाठीच्या कण्यालगतच्या उभ्या स्नायूंखाली दिला जाणारा ब्लॉक २०१६ मध्ये कॅनडातील डॉक्टरांनी प्रसिद्ध केला. विशेष म्हणजे तो प्रथम छातीतील चिवट वेदनेच्या रुग्णांमध्ये वापरला गेला आणि नंतर शस्त्रक्रियांसाठी जगभर पसरला.

तीव्र वेदना : जेथे लाभ स्पष्ट आहे

वयोवृद्ध व्यक्ती घरात घसरून पडते आणि खुब्याचे हाड मोडते, ही घटना भारतातील असंख्य कुटुंबांच्या परिचयाची आहे. शस्त्रक्रिया होईपर्यंत क्ष-किरण तपासणी, कूस बदलणे, शौचाचे भांडे देणे अशा प्रत्येक हालचालीत तीव्र कळा येतात. गुंगी आणणारी वेदनाशामके दिल्यास वृद्ध रुग्ण भ्रमिष्टासारखे बोलू लागतात, श्वास मंदावतो आणि बद्धकोष्ठता होते. अशा वेळी जांघेजवळ दिलेला ब्लॉक साधारण अर्ध्या तासात हालचालीच्या वेळची वेदना बरीच कमी करतो. अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतल्यावर या उपचाराने रुग्णाचा तात्पुरता मानसिक गोंधळ, छातीतील जंतुसंसर्ग आणि पुन्हा उभे राहण्यास लागणारा काळ हेही कमी होतात असे दिसून आले आहे.

बरगड्या मोडलेल्या रुग्णाचे उदाहरणही असेच बोलके आहे. वेदनेमुळे असा रुग्ण खोल श्वास घेत नाही व खोकत नाही. परिणामी कफ साचून न्यूमोनिया होऊ शकतो. येथे वेदनाशमन हा केवळ सुखाचा प्रश्न राहत नाही, तर श्वसन टिकविण्याचा उपाय ठरतो. खांदा, हात व मनगट यांच्या शस्त्रक्रिया, गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया, सिझेरियन, स्तनांच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, हर्निया अशा अनेक प्रसंगी योग्य ब्लॉकमुळे पहिल्या दिवसाची वेदना आटोक्यात राहते आणि मॉर्फिनसारख्या औषधांची गरज कमी होते.

पहिल्या काही दिवसांतील वेदना नीट आटोक्यात ठेवण्याचा संबंध पुढील आयुष्याशीही आहे. शस्त्रक्रियेची जखम भरून आल्यावरही काही रुग्णांना अनेक महिने दुखत राहते. छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियांमध्ये आणि स्तनांच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत प्रादेशिक बधिरीकरणाची जोड दिल्यास हा धोका घटतो असा निष्कर्ष २०१८ मधील एका व्यापक शास्त्रीय आढाव्यात नोंदविण्यात आला.

एका गोष्टीची पूर्वकल्पना रुग्णास अवश्य असावी. ब्लॉकचा परिणाम ओसरतो तेव्हा दडलेली वेदना एकाएकी उसळू शकते. पुष्कळदा हे मध्यरात्री घडते. म्हणून बधिरता पूर्ण जाण्याची वाट न पाहता, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी वेदनाशामक गोळ्या सुरू करणे हितावह असते.

दीर्घकालीन वेदना : निदान, सवड आणि मर्यादा

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा वारंवार उद्भवणाऱ्या वेदनेस दीर्घकालीन वेदना म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात अशा वेदनेला स्वतंत्र स्थान देण्यात आले असून हे वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून अमलात आले आहे. यामागील विचार महत्त्वाचा आहे. दीर्घकाळ संदेश येत राहिल्यास मेरुरज्जू व मेंदू अतिसंवेदनशील होतात आणि मूळ इजा बरी झाल्यावरही वेदना चालू राहू शकते. अशा स्थितीत शरीराच्या एका टोकाकडील चेता काही तास बंद करून सर्व प्रश्न सुटेल अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

तरीही ब्लॉकचे तीन उपयोग आहेत. पहिला निदानाचा. पाठीच्या मणक्यांमधील लहान सांधे दुखत आहेत अशी शंका असल्यास त्यांच्या बारीक चेतांजवळ अत्यल्प औषध देऊन वेदना किती कमी होते हे पाहिले जाते. दुसरा उपयोग सवडीचा. वेदनेमुळे हात किंवा पाय न हलविणाऱ्या रुग्णाला काही तासांचा आराम मिळाला, तर त्या काळात भौतिकोपचारतज्ज्ञ व्यायाम सुरू करू शकतात. गोठलेला खांदा किंवा इजेनंतर हातापायाला सूज, रंगबदल व दाह आणणारा वेदनाविकार यांत अशी सवड मोलाची ठरू शकते. तिसरा उपयोग, मोजक्या विकारांमध्ये, प्रत्यक्ष उपचाराचा. डोक्याच्या मागील बाजूच्या चेतेजवळ दिलेले इंजेक्शन काही प्रकारच्या तीव्र डोकेदुखीत दिवस किंवा आठवड्यांचा आराम देऊ शकते.

निदानाचा ब्लॉक यशस्वी ठरल्यास काही वेळा रेडिओलहरींच्या उष्णतेने त्या चेतेचा छोटा भाग निकामी केला जातो. चेता पुन्हा वाढत असल्याने हा परिणाम कायमचा नसतो. पाठदुखीसाठी अशा प्रक्रियांचा वापर कितपत करावा, याविषयी मात्र तज्ज्ञांत तीव्र मतभेद आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, कर्करोगाशी संबंध नसलेल्या दीर्घकालीन पाठदुखी व मानदुखीसाठी सांध्यांतील इंजेक्शने, मणक्यांच्या पोकळीतील इंजेक्शने आणि रेडिओलहरींचे उपचार सरसकट करू नयेत अशी स्पष्ट शिफारस करण्यात आली. वेदनातज्ज्ञांच्या अनेक संघटनांनी या निष्कर्षांना हरकत घेतली. योग्य रुग्णाची निवड केल्यास लाभ होतो, असे त्यांचे म्हणणे आहे. रुग्णाच्या दृष्टीने यातून एवढा बोध निश्चित घेता येतो की ‘एका इंजेक्शनात पाठदुखी कायमची बरी’ या दाव्याला शास्त्रीय आधार नाही.

कर्करोगातील वेदना

कर्करोगाच्या वेदनेचा विचार वेगळा करावा लागतो. स्वादुपिंडाच्या कर्करोगात पोटातून पाठीकडे जाणारी असह्य वेदना होते. या अवयवांचे संदेश नेणारे चेतांचे जाळे पोटातील मुख्य रोहिणीभोवती असते. या जाळ्याचा ब्लॉक १९१४ मध्ये जर्मन शल्यचिकित्सक माक्स काप्पिस यांनी वर्णिला. आज क्ष-किरण, सीटी स्कॅन किंवा एंडोस्कोपीच्या साहाय्याने तेथे अल्कोहोल सोडून चेता दीर्घकाळासाठी निकामी केल्या जातात. यामुळे वेदना व मॉर्फिनची मात्रा दोन्ही कमी होतात आणि मॉर्फिनमुळे होणारी बद्धकोष्ठताही घटते. रक्तदाब तात्पुरता कमी होणे व जुलाब हे नेहमीचे दुष्परिणाम आहेत. पाय लुळे पडण्याचा धोका अत्यंत विरळ, पण गंभीर आहे. म्हणून हा निर्णय रुग्ण व कुटुंबीय यांच्याशी सविस्तर चर्चा करूनच घेतला जातो.

भारतात या विषयाला आणखी एक संदर्भ आहे. अमली औषधे व मन:प्रभावी पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यानंतर परवान्यांच्या जाचक अटींमुळे अनेक रुग्णालयांत मॉर्फिन मिळणे दुरापास्त झाले होते. २०१४ मध्ये या कायद्यात दुरुस्ती होऊन अत्यावश्यक वेदनाशामकांसाठी देशभर समान नियमांची तरतूद करण्यात आली. मात्र कायदा बदलला म्हणजे औषध गावोगावी पोहोचले असे होत नाही. नर्व्ह ब्लॉक हा मॉर्फिनला पर्याय नसून पूरक आहे. कर्करोगाच्या रुग्णाला दोन्ही उपलब्ध असावयास हवेत.

धोके कोणते?

योग्य हातांत ब्लॉक सुरक्षित असतो, तथापि तो धोक्यांपासून पूर्णत: मुक्त नाही. पहिला धोका औषधाच्या विषबाधेचा. औषध चुकून रक्तवाहिनीत गेल्यास किंवा मात्रा अधिक झाल्यास तोंडाभोवती बधिरता, कानांत गुणगुण, धातूसारखी चव, झटके आणि क्वचित हृदय बंद पडणे अशा गोष्टी घडू शकतात. म्हणूनच मात्रा वजनानुसार ठरते. लिडोकेनची कमाल मर्यादा दर किलो वजनास सुमारे ४.५ मिलिग्रॅम आणि ॲड्रेनलिनसह दिल्यास सुमारे ७ मिलिग्रॅम मानली जाते. या विषबाधेवर शिरेतून दिले जाणारे २० टक्के स्निग्ध द्रावण उपयोगी पडते. १९९८ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून त्याचा उपयोग पुढे आला आणि २००६ मध्ये त्याच्या साहाय्याने रुग्ण वाचल्याची नोंद प्रसिद्ध झाली. जेथे ब्लॉक दिले जातात तेथे हे द्रावण हाताशी असणे आवश्यक आहे.

दुसरा धोका चेतेला इजा होण्याचा. काही दिवस किंवा आठवडे मुंग्या येणे, बधिर वाटणे अशा तक्रारी काही रुग्णांना होतात व बहुतेकांच्या आपोआप दूर होतात. दीर्घकाळ टिकणारी इजा साधारणपणे दर दहा हजार ब्लॉकमागे दोन ते चार रुग्णांत आढळते. जागेनुसार काही विशिष्ट धोकेही असतात. मानेतील ब्लॉकमुळे त्या बाजूचे श्वासपटल काही तास दुबळे होते. ज्यांची फुप्फुसे आधीच कमजोर आहेत अशा रुग्णांना यामुळे धाप लागू शकते. छातीच्या जवळ सुई टोचताना फुप्फुसाला छिद्र पडण्याची शक्यता असते. पाय किंवा हाताच्या गंभीर दुखापतीत स्नायूंच्या आत दाब वाढत असल्यास तीव्र वेदना ही धोक्याची सूचना असते. ब्लॉकमुळे ती झाकली जाऊ नये यासाठी अशा रुग्णावर विशेष लक्ष ठेवावे लागते.

रक्त पातळ करणारी औषधे चालू असणे, सुई टोचावयाच्या जागी जंतुसंसर्ग असणे, बधिरीकरणाच्या औषधाची ॲलर्जी असणे किंवा रुग्णाची संमती नसणे या परिस्थितींत ब्लॉक टाळावा लागतो किंवा पुढे ढकलावा लागतो. मधुमेहामुळे चेता आधीच दुर्बल झाल्या असतील तर तेही डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे.

रुग्णाने काय विचारावे?

शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञ रुग्णास भेटतात. त्या भेटीत पुढील प्रश्न मोकळेपणाने विचारावेत. माझ्या शस्त्रक्रियेत ब्लॉकचा उपयोग आहे काय? तो सोनोग्राफीच्या साहाय्याने दिला जाईल काय? बधिरता किती तास राहील? ती ओसरताना कोणत्या गोळ्या, केव्हा घ्यावयाच्या? कोणती लक्षणे दिसल्यास तातडीने कळवावे? सुई टोचण्यापूर्वी शस्त्रक्रियेची बाजू उजवी की डावी हे रुग्णाने स्वत: मोठ्याने सांगावे. चुकीच्या बाजूस ब्लॉक दिला जाऊ नये यासाठी ही साधी दक्षता फार उपयोगी आहे.

दीर्घकालीन वेदनेच्या रुग्णाने प्रश्न थोडे निराळे विचारावेत. हे इंजेक्शन निदानासाठी आहे की उपचारासाठी? आराम किती काळ टिकण्याची शक्यता आहे? त्या काळात मी कोणता व्यायाम करावयाचा? अपेक्षित लाभ न झाल्यास पुढील मार्ग कोणता? या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे न मिळता पुन:पुन्हा इंजेक्शने सुचविली जात असतील तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे योग्य ठरते.

घरी परतल्यावर बधिर हात झोळीत ठेवावा. गरम भांडे, इस्त्री, गरम पाण्याची पिशवी यांपासून तो दूर ठेवावा, कारण भाजले तरी ते कळत नाही. पायाला ब्लॉक दिला असल्यास कोणाच्याही आधाराविना उभे राहू नये. अपेक्षित वेळेनंतरही बधिरता किंवा दुर्बलता टिकून राहिल्यास, श्वास लागल्यास किंवा सुईच्या जागी सूज व लाली वाढल्यास रुग्णालयाशी त्वरित संपर्क साधावा.

वेदना सोसणे हा धैर्याचा भाग मानण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. शस्त्रक्रिया झाली म्हणजे दुखणारच, वय झाले म्हणजे दुखणारच, असे म्हणून रुग्ण आणि कधी कधी डॉक्टरही गप्प राहतात. नर्व्ह ब्लॉकने प्रत्येक वेदना दूर होत नाही. तथापि खुबा मोडलेल्या आजीला शस्त्रक्रियेपर्यंत विव्हळत ठेवण्याची गरज नाही, हे आता निश्चितपणे सांगता येते. तिला ब्लॉक देता येईल काय, एवढा प्रश्न नातेवाइकांनी रुग्णालयात पोहोचताच विचारावा.